बगलेच्या खिडकीला हात लावू नको

मित्रांनो, मी एका खिडकीभोवतीची जुनी पट्टी आहे. पट्टी म्हणजे काय, असं तुम्ही विचाराल. खिडकीच्या चारही अंगांना भिंतीपासून बोटभर पुढे आलेली, चार बोटं रुंद अशी सिमेंटची चौकट असते ना, तीच मी. मिस्त्री लोक मला बॉर्डर म्हणतात. भिंतीचा रंग एक आणि माझा दुसरा. घर दुरून उठून दिसतं ते माझ्यामुळे, पण माझं नाव कोणी घेत नाही. लोक म्हणतात, खिडकी छान आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. माझा स्वभाव संशयी आहे. तो जन्मतः तसा नव्हता. तसा तो झाला, आणि का झाला तेही सांगते.

सौंसरहून मोहगावकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत, संत्र्याच्या बगीच्यात माझं घर आहे. रघुनाथराव आणि देवकाबाई यांनी ते सत्तावीस वर्षांपूर्वी बांधलं. मोहगावचे देवीदास मिस्त्री कामाला होते. त्यांनी दोरी ताणून, ओळंबा सोडून मला घडवलं. माझ्या खालच्या अंगाला त्यांनी एक बारीक खाच ठेवली. पावसाचं पाणी भिंतीवर उतरू नये, त्या खाचेपाशी थांबून थेट खाली टपकावं, यासाठी ती होती. देवकाबाई तेव्हा नव्या संसारातल्या. त्या रोज सकाळ-संध्याकाळ बादलीने माझ्यावर पाणी मारत. आठ दिवसांत मी दगडासारखी टणक झाले. मग मला गेरूसारखा तांबडा रंग लागला. घरभरणीला आलेल्या पाहुण्यांना रघुनाथराव हात धरून नेत आणि दाखवत. ते म्हणत, "पट्ट्या पाहा. सूत लावून पाहा पाहिजे तर."

ते माझे कौतुकाचे दिवस होते. मग रंगारी येऊ लागले. पहिला बरा होता. दुसऱ्याला माझी खाच वाईट दिसली, म्हणून त्याने ती पुट्टीने भरून टाकली. तिसऱ्याने तर धूळ आणि शेवाळ पुसलंही नाही. पोपडे सुटले होते त्यांच्यावरूनच ब्रश फिरवला आणि एका दिवसात काम उरकून तो जेवायच्या वेळेला घरी गेला. दोन पावसाळ्यांत माझ्या वरच्या कोपऱ्याला चीर पडली. पाणी आत शिरू लागलं. बाहेरून मी तांबडी आणि ठाकठीक, आतून पोकळ. तेव्हापासून माझी खात्रीच झाली, की ब्रश घेऊन येणारा प्रत्येक माणूस काहीतरी झाकायला येतो.

यंदा मात्र झाकायचं काम घरातच सुरू झालं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रघुनाथराव गोठ्यात पडले. त्यांची उजवी बाजू गेली, वाचा गेली. मुलगा वैभव नागपुरात नोकरीला आहे. त्याने गाडी आणली आणि त्यांना तिकडच्या दवाखान्यात नेलं. तीन आठवड्यांनी एका दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, त्यांना परत आणलं आणि माझ्या खोलीत खाटेवर निजवलं. माझी खिडकी म्हणजे घराच्या बगलेची. देवकाबाईंनी तिचे पल्ले ओढून घेतले, कडी घातली आणि आतून जाड चादर टांगली.

कोणी विचारलं की त्या सांगत, "ते गेले आहेत ना वैभवकडे. महिनाभर राहतीन म्हणतात."

याचं कारण होतं. दसऱ्याच्या मागेपुढे संत्र्याचा व्यापारी येतो आणि झाडावरचा माल पाहून बगीच्याचा सौदा करतो. इतकी वर्षं तो सौदा रघुनाथराव ओसरीवर उभं राहून करत. माणूस अंथरुणाला खिळलाय हे कळलं, तर व्यापारी भाव पाडेल, अशी देवकाबाईंना भीती होती. वैभव म्हणत होता, "आई, जो भाव मिळन त्याले देऊन टाक, अन् दोघंही नागपूरले चला." त्यावर त्या उठून कामाला लागत. मुलाच्या मनात बगीचाच विकायचा आहे की काय, असंही त्यांना वाटू लागलं होतं. नवऱ्याला जामसांवलीला हनुमानाच्या पायाशी न्यायचं त्यांच्या फार मनात होतं. पण तिथे निम्मा तालुका भेटतो. म्हणून तेही राहिलं.

रघुनाथरावांना बोलता येत नसे. काही हवं असलं की ते डाव्या हाताने स्टीलचा पेला खाटेच्या लोखंडी पट्टीवर वाजवत. टण, टण. तो आवाज बाहेर जाऊ नये म्हणून देवकाबाई मोबाईलवर मोठ्याने भजन लावत आणि मग आत येत.

व्यापारी येण्याआधी घर नीट दिसायला हवं होतं. भिंती दोन वर्षांपूर्वीच रंगवल्या होत्या, त्या ठीक होत्या. दारं-खिडक्यांच्या पट्ट्यांचे मात्र पोपडे लोंबत होते. देवकाबाईंनी सौंसरचा रंगारी बोलावला नाही. तो चहाच्या टपरीवर बसतो आणि बोलतो. त्यांनी पांढुर्ण्याहून शीतल नावाच्या बाईला बोलावलं. इकडे तिला कोणी ओळखत नव्हतं, हीच तिची लायकी.

शीतल तिशीची असेल. सुती पंजाबी ड्रेसवर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला रुमाल. तिचा भाऊ राजू तिला पिकअप गाडीतून सोडून गेला. तिच्याबरोबर एक शिडी होती, डबे होते, खरवडायचं पातं होतं आणि तारेचे ब्रश होते. देवकाबाईंनी तिला घराभोवती फिरवून काम दाखवलं. माझ्यापाशी आल्यावर त्या म्हणाल्या, "या बगलेच्या खिडकीले हात लावू नको. बाकीच्या कर."

"काहून, काकू?"

"ते खोली बंद असते. आत अडगळ आहे."

शीतलने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "बंद असली तरी बाहेरून दिसतेच ना. फाटकातून येणाऱ्याले पहिले हेच दिसन. साऱ्या रंगवल्या अन् एक सोडली, तर ते जास्तच दिसन."

"सांगितलं तेवढं कर, पोरी."

देवकाबाई सुपात तांदूळ घेऊन ओसरीवर बसल्या. तांदूळ कमी आणि शीतलला जास्त निवडत होत्या. मीही तिच्यावर डोळा ठेवला होता. ही बाई काय झाकते ते मला पाहायचं होतं.

तिने पहिल्या दिवशी रंगाचा डबा उघडलाच नाही. समोरच्या पट्ट्या ती पात्याच्या लाकडी मुठीने ठोकत गेली आणि कान लावून ऐकत गेली. जिथे पोकळ वाजलं तिथे खडूने खूण केली. मग सुटलेला रंग खरवडला, तारेच्या ब्रशने शेवाळ काढलं, सगळं पाण्याने धुतलं आणि सुकू दिलं. असं काम मी देवीदास मिस्त्रींनंतर पाहिलं नव्हतं. तरी मी मनात म्हटलं, सुरुवातीला सगळेच असं करतात.

संध्याकाळी राजू तिला न्यायला आला. देवकाबाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कोणाची आहे हे गाडी?"

"श्रीकांतभाऊची, काकू," राजू म्हणाला. "संत्र्याच्या सीझनात मी त्याइच्याकडेच असतो."

देवकाबाईंच्या हातातला पाण्याचा गडवा हातातच राहिला. श्रीकांत म्हणजे तोच व्यापारी. दरवर्षी सौद्याला येणारा.

त्या रात्री त्यांनी जेवताना रघुनाथरावांना घास भरवत सगळं सांगितलं. "पाहा, आपण पांढुर्ण्याहून बाई आणली, अन् ते त्याच्याच घरची निघाली." रघुनाथरावांनी पेला वाजवला. त्याचा अर्थ त्यांनाही कळला नाही आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी शीतल माझ्यापाशी आली. देवकाबाई स्वयंपाकघरात होत्या. तिने माझ्या वरच्या कोपऱ्याला मुठीने ठोकलं. मी पोकळ वाजले. तिने चिरेत नख घातलं, खाली बसून माझी बुजलेली खाच पाहिली आणि भिंतीच्या पायाशी हात लावला. आत खाटेवर पेला वाजला. टण, टण. ती थबकली. लगेच घरात भजन सुरू झालं.

"तिथे काय करून राहिली?" देवकाबाई कोपऱ्यावर उभ्या होत्या.

"काकू, या बॉर्डरीतून पाणी आत जाऊन राहिलं. आतली भिंत ओली असन. सांगा, आहे का नाही?"

ओल होती. रघुनाथरावांच्या उशाशीच भिंतीवर काळपट डाग पसरला होता. देवकाबाई रोज त्यावरून फडकं फिरवत, तरी खोलीला कुबट वास येई आणि रघुनाथरावांचा खोकला वाढत चालला होता. हे सगळं त्यांना ठाऊक होतं. पण शीतलला त्यांनी निराळंच विचारलं.

"तुले आत पाहाचं आहे का?"

"मले नाही पाहाचं. तुम्हीच पाहा म्हणते मी."

"तुले खिडकी खोलून पाहिजे. समजते मले. जा, समोरचं काम कर."

शीतल पातं उचलून समोर गेली. मला तिचं पटलं नव्हतं. ओलीचं निमित्त करून खोली उघडवणं, यासारखी सोपी युक्ती नाही. मी आणि देवकाबाई, दोघी त्या दिवशी एकाच मताच्या होतो.

दुपारी शीतल संत्र्याच्या झाडाखाली डबा खाऊन फोनवर बोलत होती. देवकाबाई विहिरीकडे जायचं सोंग करून जवळून गेल्या. त्यांच्या कानावर एवढंच पडलं, "हो रे, त्या बगलेच्या खोलीचंच म्हणते मी. मले पक्कं वाटून राहिलं. तू उद्या घेऊनच ये."

देवकाबाई खोलीत आल्या आणि खाटेच्या पायथ्याशी बसल्या. "उद्या घेऊन येते म्हणे त्याले," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "माह्याच हातानं मी बोलावलं तिले. उद्या सकाळी येताच हिशेब करून टाकते अन् घरी लावून देते तिले."

मित्रांनो, त्यांनी एवढा धसका घेतलेला मी कधी पाहिला नव्हता. पूर आला, गारपीट झाली, पण त्या कधी अशा बसल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिकअप फाटकातून आत आली. राजू चालवत होता, मागे शीतल बसली होती आणि राजूच्या शेजारी खरोखरच श्रीकांत बसला होता. ठरल्यापेक्षा चार दिवस आधी. तो उतरला, चष्मा पुसला आणि ओसरीकडे आला. शीतल आपलं सामान उतरवून सरळ माझ्याकडे आली. देवकाबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी एखादी बाई तिथूनच मागे फिरली असती.

"काकाजी कुठे आहेत, काकू?" श्रीकांतने विचारलं.

"नागपूरले. वैभवकडे."

"पोळ्यापासून नागपूरलेच? असे कधी राहत नाहीत ते बगीचा सोडून." तो ओसरीच्या टोकाशी आला. तिथून मी आणि शीतल दोघी दिसत होतो. "शीतल, तू तर दोन दिवसांपासून आहेस इथे. काकाजी दिसले का तुले?"

नेमका त्याच वेळी आत पेला वाजला. टण.

देवकाबाईंचा मोबाईल स्वयंपाकघरात होता. भजन लावायला कोणी नव्हतं. मी म्हटलं, झालं, आता ही सांगणार.

शीतलने पातं उचललं आणि माझ्यावर घातलं. जोरात, वरपासून खालपर्यंत. करकर आवाज उठला, पोपडे तिच्या तोंडावर उडाले. ती खरवडतच राहिली. आतला पेला दोनदा वाजला आणि दोन्ही वेळा त्या करकरीत बुडाला. मग ती न थांबताच म्हणाली, "मले बाहेरचं काम दिलं आहे, भाऊ. आत कोण आहे, कोण नाही, ते मी पाहत नसते."

पण पुढे बोलल्या त्या देवकाबाई. मी त्यांचा चेहरा पाहत होते. त्यांचं तोंड आधी उतरलं, मग लाल झालं. परकी बाई आपलं खोटं सावरून घेते आहे, आणि आपण तिला आज हाकलून देणार होतो, हे त्यांना सोसवेना.

"राहू दे, शीतल," त्या म्हणाल्या. "थांबव ते." आणि श्रीकांतकडे वळून म्हणाल्या, "ते आतच आहेत. लकवा झाला त्याइले. बोलता येत नाही. भाव पाडसान म्हणून लपवलं मी. आता समजलं ना? सौदा मी करीन. माह्याशी बोला."

श्रीकांतने चपला काढल्या आणि तो आत गेला. तो रघुनाथरावांच्या खाटेशी बसला. त्यांचा डावा हात त्याने हातात घेतला. तो म्हणाला, "काकाजी, माल चांगला धरला आहे यंदा." रघुनाथरावांनी डोळे मिटले आणि उघडले.

आता सगळं सुरळीत झालं असेल, असं तुम्हाला वाटेल. तसं झालं नाही. ओसरीवर येऊन श्रीकांतने जो भाव सांगितला तो मागच्या वर्षीपेक्षा बराच खाली होता. म्हणाला, "तोडणीच्या वेळेस पाहणारं कोणी नाही, काकू. सारी जबाबदारी माह्यावर पडन."

"पाहणारी मी आहे," देवकाबाई म्हणाल्या. "पोळ्यापासून फवारणी कोणी केली? झाडं तेच आहेत. भाव कमी काहून?"

"विचार करून सांगतो," असं म्हणून तो रस्त्याकडे चालत गेला. राजूची गाडी सामान उतरेपर्यंत थांबणार होती. म्हणजे देवकाबाईंना ज्याची भीती होती तेच घडलं. त्या पायरीवर बसल्या.

राजूने गाडीतून सिमेंटची अर्धी थैली आणि रेतीचं पोतं खाली ठेवलं. "बाई, हे कुठे ठेवू?" त्याने बहिणीला विचारलं.

"हे काय आहे?" देवकाबाईंनी विचारलं.

शीतलने तोंड पुसलं. "काल फोनवर मी याले हेच आणाले सांगत होती. पक्कं वाटत होतं, का हे बॉर्डर फोडूनच दुरुस्त करा लागते. नुसता रंग मारला असता, तर पुढच्या पावसाळ्यात काकाजींच्या अंगावर पाणी आलं असतं."

"तुले माहीत होतं ते आत आहेत म्हणून?"

"पहिल्याच दिवशी समजलं. आत पेला वाजला का तुम्ही भजन लावता. दिवसातून इतक्या वेळा कोणी देवाचं नाव घेत नाही, काकू."

देवकाबाईंना हसू आलं की रडू, ते त्यांनाच कळलं नसावं. त्यांनी पदर तोंडाला लावला. "मंग बोलली काहून नाही?"

"तुमच्या घरची गोष्ट. तुम्हीच बोलून नाही राहिल्या, तर मी काहून बोलू?"

"अन् श्रीकांतले तुम्ही नाही आणलं?"

"मी काहून आणू, काकू?" राजू म्हणाला. "दुसरा एक व्यापारी या रस्त्यानं बगीचे पाहून गेला. तेव्हापासून श्रीकांतभाऊले दम नाही. सकाळी स्वतःच गाडीत येऊन बसले."

देवकाबाई उठल्या, आत गेल्या आणि त्यांनी चादर ओढून काढली. कडी गंजली होती. शीतलने बाहेरून पल्ला ओढला तेव्हा ती निघाली. रघुनाथरावांच्या तोंडावर ऊन पडलं. त्यांनी डोळे बारीक केले, पण मान फिरवली नाही.

मग शीतलने छिन्नी-हातोडी घेतली आणि माझा पोकळ कोपरा फोडला. मला लागलं. पण तो कोपरा कधीचाच मेला होता. आतली ओली माती निघाली, मुंग्यांचं घर निघालं. बुजलेली खाच तिने टोकदार खिळ्याने कोरून कोरून मोकळी केली. मग सिमेंट-रेतीचा नवा माल भरला, थापीने सारखा केला. पाच दिवस रंग लावायचा नाही, असं तिने बजावलं. ते पाच दिवस देवकाबाईंनी रोज दोन वेळा माझ्यावर पाणी मारलं. आता त्यांना बादली उचलवत नाही, म्हणून गडव्या-गडव्याने.

त्या पाच दिवसांत राजूने पांढुर्ण्याच्या बाजारातला चालू भाव त्यांना येऊन सांगितला. तिथे तो कोणालाही विचारला तरी सांगतात. पण आधी देवकाबाईंना कोणाला विचारायची सोयच नव्हती. विचारलं असतं, तर लोकांनी रघुनाथराव कुठे आहेत तेच विचारलं असतं. सहाव्या दिवशी श्रीकांत परत आला तेव्हा त्या उभं राहून बोलल्या. सौदा झाला. मागच्या वर्षीपेक्षा थोडा खालीच, पण त्याने आधी सांगितलं होतं त्याहून पुष्कळ वर. श्रीकांत गेल्यावर त्या शीतलला म्हणाल्या, "अजूनही मले वाटते, त्यानं थोडं दाबलंच."

"दाबलं असन," शीतल म्हणाली आणि डबा उघडून रंग ढवळू लागली.

तिने मला आधी प्रायमर लावला, मग दोन हात रंगाचे. कडेला भिंतीवर एक थेंब गेला नाही. खाच तिने मोकळीच ठेवली. मी शेवटपर्यंत वाट पाहिली, की ही आता काहीतरी झाकेल. तिने काही झाकलं नाही.

आता माझी खिडकी उघडी असते. बातमी पसरायला एक दिवसही लागला नाही. तिगावपासून मोहगावपर्यंतची माणसं येतात. काही आत जातात, काही नुसती बाहेर उभी राहून माझ्या खालच्या अंगावर कोपरं टेकवतात आणि रघुनाथरावांशी बोलतात. पाण्याचं, भावाचं, कोणाच्या बोअरला किती फुटांवर पाणी लागलं त्याचं. रघुनाथराव ऐकतात. परवा त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला. 'बस' म्हणाले. पाहुण्याला बसायला सांगितलं, की पुरे झालं म्हणून सांगितलं, यावर घरात अजून एकमत नाही.

मित्रांनो, तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. दर दोन-तीन वर्षांनी आम्हाला रंग द्या, पण त्याआधी एकदा ठोकून पाहा आणि कान देऊन ऐका. पोकळ वाजलं तर फोडायला घाबरू नका, आणि पाण्याची वाट बुजवू नका. रंग लागायला एक दिवस पुरतो. त्याआधीच्या कामाला जे दिवस लागतात ते आम्हाला द्या.

माझा संशयी स्वभाव काही गेलेला नाही. अजून कोणी फाटकातून आलं की मी आधी त्याचे हात पाहते. पण लोकांच्या कोपरांनी माझ्या खालच्या अंगाचा नवा रंग आत्ताच घासला गेला आहे, आतलं सिमेंट दिसू लागलं आहे, आणि त्याबद्दल माझी कोणाकडेही तक्रार नाही.